टेम्पोवरचं नाव

मतदानाच्या दिवशी सकाळी वणीजवळच्या रंगनाथ शेठच्या द्राक्षबागेत बाया लग्नाला निघाल्यासारख्या नटून बसल्या होत्या, आणि टेम्पो येत नव्हता.

चिमणाबाईने ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं होतं. बाकीच्यांनी केसांत झेंडूची फुलं खोवली होती. साजपाड्याची ही सगळी टोळी दिवाळी झाल्यावर इथे आली होती. वेलीखाली उभं राहून हातातल्या छोट्या कात्रीने घडातले जादा मणी काढायचे, हे त्यांचं काम. घरी जायचं ते थेट होळीला. पण आज गावात सरपंचाची निवडणूक होती आणि मुकादम दिनेशने सगळ्यांना शब्द दिला होता, की पहाटे टेम्पो पाठवतो, मत टाकून या.

"चंदर, लाव रे पुन्ना तुझ्या भावाला फोन," चिमणाबाई म्हणाली.

चंदर तिचा थोरला, दिनेश धाकटा. चंदरने फोन कानाला लावला, ऐकलं आणि खाली ठेवला. "म्हनतो, क्लच गेला."

"मघाशी तर म्हनला पंक्चर हाय!"

"कामाला यायचं आसलं का त्याच्या टेम्पोला काय बी होत नाय," नवसाबाई म्हणाली. "मत द्यायला जायचं आसलं का समदे पार्ट जातात."

बाया खदाखदा हसल्या. नवसाबाई दिनेशची सासू. जावयाला नावं ठेवायचा तिचा हक्क टोळीत सर्वांनी मान्य केला होता.

हसण्यासारखी गोष्ट खरं तर नव्हती. सरपंचपदाला दोनच बाया उभ्या होत्या आणि दोन्ही ह्याच घरातल्या. किटली चिन्हावर चंदरची मुलगी सरिता. कपबशीवर दिनेशची बायको, म्हणजे नवसाबाईची मुलगी, रूपाली. चिन्हं तहसील कार्यालयात वाटली तेव्हा तिथला शिपाईसुद्धा हसला होता. चहा मात्र त्या दिवसापासून दोन्ही घरांनी एकमेकांकडे घेतला नव्हता.

भांडण होतं गावात काम मिळण्यावरून. सरिता दोन वर्षं नाशिकला इंदिरानगरात एका म्हाताऱ्या जोडप्याची देखभाल करायला राहिली होती. परत आली ती पावसाळ्यातल्या ग्रामसभेत उभीच राहिली. रोजगार हमीची कामं कायद्याने मागता येतात, मग आपल्याकडे बंधाऱ्याचं, रस्त्याचं एकही काम का निघत नाही? बायांनी बाळंत झाल्या झाल्या बागेत का जायचं? पोरांच्या शाळा का सुटाव्यात? प्रश्न साधा होता, आणि त्याचं उत्तर गावातल्या एकुलत्या एका स्लॅबच्या घरात होतं, दिनेशच्या. माणसं गावात थांबली तर दिनेशचा टेम्पो रिकामा. म्हणून जागा बाईला राखीव आहे म्हटल्यावर त्याने रूपालीला उभं केलं.

रंगनाथ शेठ बांधावरून आला. "काय रे चंदर, आज सगळे नटले कशाला? कात्र्या घ्या. ढग आलेत बघ."

बाया उठल्या. झेंडूची फुलं तशीच केसांत ठेवून वेलींखाली गेल्या. कोणीतरी गाणं सुरू केलं, पण ते पहिल्या कडव्यापाशीच थांबलं. चंदर घड हातात धरून उभा राहिला. सरिताने काल फोनवर एकच वाक्य म्हटलं होतं, "बाबा, तुम्ही आलात तर होईल." आपल्या मुलीला मत द्यायला आपण जाऊ शकत नाही, हे त्याला काही केल्या गिळवत नव्हतं.

*

साजपाड्यात शाळेच्या अलीकडे, पोलिसाने मारलेल्या चुन्याच्या रेघेबाहेर, दोन मांडव होते. सरिताच्या मांडवात एक चटई आणि पाण्याचा हंडा. रूपालीच्या मांडवात खुर्च्या, टेबल, पोह्यांचं पातेलं आणि एक भला मोठा फ्लेक्स. फ्लेक्सवर दिनेशचा फोटो छातीपर्यंत आणि रूपालीचा पोस्टाच्या तिकिटाएवढा.

रूपाली सकाळपासून हात जोडून बसली होती. एक म्हातारी येऊन म्हणाली, "पोरी, माझ्या घरकुलाचं बघशील का?" रूपालीने तोंड उघडलं, तेवढ्यात दिनेश म्हणाला, "बघू, बघू. करून टाकू." म्हातारीने रूपालीकडे पाहिलं, मग दिनेशकडे, आणि नमस्कार त्याला करून गेली.

पुढच्या एकाही माणसाने रूपालीला काही विचारलं नाही. तिला वाटलं, आपण उठून घरी गेलो आणि खुर्चीवर फक्त साडी ठेवली तरी चालेल.

दुपारकडे दिनेश मांडवामागे टेम्पोच्या ड्रायव्हरशी फोनवर बोलत होता. रूपाली पाणी प्यायला उठली होती. त्याचा आवाज दबका होता, पण खुशीत होता.

"वाळू, पंपाच्या मागंच थांब. संध्याकाळपातूर माल हलवायचा नाय. माल आला तं आपण गेलो."

माल.

रूपालीच्या हातातला पेला तसाच राहिला. तिची आई त्या बागेत होती. सासू होती. आणि ती स्वतः? लग्नाआधी चार हंगाम ती त्याच वाटेने गोणपाटावर बसून गेली होती. दिनेश तेव्हा मुकादम नव्हता. तिच्याच टोळीत होता. घाटात थंडी वाजली की आपली चादर तिच्याकडे सरकवायचा आणि बघितलं नाही असं दाखवायचा. तेव्हा ती त्याला अरे-तुरे करायची. मुकादम झाल्यावर त्याने सांगितलं, चार माणसांत 'अहो' म्हणत जा.

ती मांडवातून उठली. कुणी विचारलंही नाही कुठे चाललीस म्हणून.

पेट्रोल पंपापर्यंत ती जवळजवळ पळतच गेली. पंपाच्या मागे टेम्पो उभा होता आणि वाळू ड्रायव्हर स्टेअरिंगवर डोकं ठेवून झोपला होता.

"वाळू, वणीला चल."

वाळू दचकून उठला. "वहिनी! मालक म्हनलेत, हलायचं नाय."

"पुढं काचेवर काय लिहिलंय?"

वाळूने बाहेर डोकं काढून पाहिलं, जणू पहिल्यांदाच पाहतोय. लाल अक्षरांत, दोन बाजूंना दोन मोर. "रूपाली."

"आणि आरसी बुकात?"

"तिथं बी तुमीच. बाईच्या नावावर घेतलं का सूट मिळती म्हनून तवा…"

"मग मालक कोण?"

वाळूने डोकं खाजवलं. असा प्रश्न त्याला आजवर कोणी घातला नव्हता आणि उत्तर फारच सोपं निघालं होतं. "पन वहिनी, ती मानसं आली तं तुमी पडाल!"

"पडले तर पडले. चालू कर."

वाळूने किल्ली फिरवली. क्लच उत्तम होता.

*

हॉर्न वाजला तेव्हा बायांचा विश्वासच बसेना. मग झाडांच्या ओळीओळींतून हिरव्या, लाल, निळ्या साड्या धावत सुटल्या. कात्र्या जिथल्या तिथे पडल्या.

केबिनमधून रूपाली उतरली. सगळ्या जागच्या जागी थांबल्या. कपबशी स्वतः आली होती.

"तू?" नवसाबाई पुढे झाली. "काय झालं? कोन मेलं का?"

"कोणी नाही मेलं. बस लवकर, आये. मतदान बंद व्हायच्या आत पोचायचं."

"बसते की. पोटची पोर उभी हाय, मत देनारच."

"मला नको देऊ."

"मंग कोनाला देऊ?"

"सरिताला."

नवसाबाईने कमरेवर हात ठेवले. "नऊ म्हयने मी कोनाला पोटात ठेवली? तुला का सरिताला?"

"आये, मी सरपंच झाले तर सही माझी आणि राज्य ह्यांचं. काम निघणार नाही. पुढच्या वर्षी तू पुन्हा इथंच."

"ते मला कळत नाय का? कळतं! पन तुझ्या चिन्हावर बोट नाय दाबलं तं माझं बोट सडंल!"

भांडण रंगणार, एवढ्यात चिमणाबाई टेम्पोत चढायला पाय वर करत म्हणाली, "इहीनबाई, आसं करू. तू माझ्या नातीला दे, मी तुझ्या लेकीला देते. फिट्टमफाट."

"मंग उपेग काय झाला?"

"भांडान तं मिटलं!"

बायांना हसू आवरेना. एकमेकींना ढकलत, ओढत त्या वर चढू लागल्या. शेजारच्या बागेतली साजपाड्याची माणसंही आवाज ऐकून आली आणि न विचारता चढली. तोवर रंगनाथ शेठ धापा टाकत पोचला.

"अरे चाललात कुठे? मणी कोण काढणार?"

आणि आयुष्यात कोणत्याही शेठला उलट न बोललेला चंदर म्हणाला, "शेठ, आज आमचं मतदान हाय. सुट्टी आसती."

"कसलं मतदान? तुमच्या गावात बिनविरोध झालं ना? मुकादम तर म्हणाला…"

शेठ बोलता बोलता थांबला. टेम्पोभर माणसं त्याच्याकडे बघत होती. केबिनच्या पायरीवर उभी राहून मुकादमाची बायको बघत होती.

"असं होय," शेठ म्हणाला आणि टोपी काढून डोकं पुसलं. "जा मग. मला काय माहीत? जा."

"शेठ, तुमी बी चला!" मागून एक बाई ओरडली. "कपबशी का किटली?" शेठलाही हसू आलं.

*

टेम्पो डोंगराच्या रस्त्याला लागला आणि मघाशी बागेत अडलेलं गाणं सुटलं. आता त्याला कडवीच कडवी आली. दिनेशच्या क्लचवर एक, शेठच्या टोपीवर एक, वाळूच्या झोपेवर एक. प्रत्येक वळणावर सगळे एका बाजूला कलंडायचे आणि किंचाळायचे. चिमणाबाई वाळूशेजारी केबिनमध्ये बसली होती. तिने हट्टाने हॉर्नची दोरी आपल्या हातात घेतली होती आणि रस्त्यावरच्या बकऱ्यांनासुद्धा ती हॉर्न देत होती.

घाटाच्या वरच्या वळणावर वाळूने करकचून ब्रेक दाबला.

रस्त्यावर आडवी मोटारसायकल. पलीकडे दिनेश, हात पसरून उभा. पंपवाल्याने त्याला कळवलं होतं आणि तो गाडी हाणत आला होता.

"वाळ्या, उतर खाली! रूपाली, तुला डोकं हाय का? आपल्याच विरोधातली मतं भरून आणतेस?"

रूपाली उतरली आणि त्याच्यासमोर गेली.  

"माल आणतेय. तूच म्हणतोस ना, माल?"

टेम्पोतली सगळी माणसं फळीवरून पुढे वाकली. एक तर 'माल' हा शब्द सगळ्यांनी ऐकला. आणि दुसरं म्हणजे 'तू'.

"मी… ते बोलायची पद्धत आसती," दिनेश म्हणाला. "समदेच मुकादम म्हनतात."

"त्यात माझी आये हाय. तुझी आये हाय."

"दिन्या," चिमणाबाई खिडकीतून म्हणाली, "गाडी काढ बाजूला."

"आये, तू मधी पडू नको."

"मी कशाला मधी पडू? मी पुढं बसलेय." आणि तिने हॉर्न दिला. लांबलचक.

मग जे झालं ते कोणी ठरवलं नव्हतं. नवसाबाई फळकुटावरून खाली उतरली. तिच्यामागे आणखी चार-पाच जणी. हंगामात द्राक्षाचे क्रेट उचलणारे ते हात. "बाजूला व्हा जावईबापू," नवसाबाई म्हणाली. त्यांनी मोटारसायकलला पुढून-मागून हात घातले, "हय्या" केलं आणि ती उचलून थेट टेम्पोत चढवली. वरच्यांनी ती झेलली आणि उभी करून दोरीने फळीला बांधली.

दिनेश रिकाम्या रस्त्यावर उभा राहिला.  टेम्पो चालू झाला. तेवढ्यात मागच्या फळीवरून एक हात खाली आला. चंदरचा.

"चढ," चंदर म्हणाला. "इथं बिबट्या फिरतो."

महिनाभर हे दोघं भाऊ कामापुरत्या फोनापलीकडे एकमेकांशी बोलले नव्हते. दिनेशने त्या हाताकडे पाहिलं. द्राक्षाच्या औषधाने हिरवट झालेली नखं, अंगठ्यावर कात्रीचा घट्टा. असाच घट्टा त्याच्याही अंगठ्याला होता एके काळी. त्याने हात धरला.

आत बसायला जागाच नव्हती. मोटारसायकलची सीट तेवढी मोकळी होती. म्हणून मुकादम दिनेश धावत्या टेम्पोत आपल्या बांधलेल्या मोटारसायकलवर बसून, हँडल घट्ट धरून, गावाकडे निघाला. एका बाईने त्याच्या हातावर फुटाणे ठेवले. त्याने ते खाल्लेही.

*

सरिता चुन्याच्या रेघेबाहेर उभी होती. उन्हं कलली होती. शाळेच्या ओट्यावर रांग संपली होती आणि मतदान केंद्रावरचे साहेब घड्याळाकडे बघत होते. तिने मनातल्या मनात हार मोजून-मापून ठेवली होती, रडायची जागासुद्धा ठरवली होती, घरामागचा गोठा.

तेव्हा हॉर्न ऐकू आला. थांबायचं नावच घेईना असा हॉर्न.

टेम्पो धुळीतून आला. आधी तिला काचेवरचं नाव दिसलं, 'रूपाली', आणि काळजात चर्र झालं. मग दिसलं, की सगळ्यांच्या डोक्यांवर, घोड्यावर बसल्यासारखा, मोटारसायकलवर दिनेशकाका बसलेला आहे. कपबशीच्या मांडवातली पोरं हे बघून वेडी झाली. भाऊंनी ऐन वेळी माणसं आणली! त्यांनी घोषणा सुरू केल्या, "दिनेशभाऊ आगे बढो!" दोघांनी तर त्याला खाली उतरवून खांद्यावर घेतलं. दिनेश वरून हात हलवत होता, अरे नको, नको, पण त्यांना वाटलं, भाऊ अभिवादन करतायत.

त्या गोंधळात बाया उड्या मारून उतरल्या आणि शाळेकडे पळाल्या. चिमणाबाईला चंदरने पाठुंगळी घेतलं. नवसाबाईची एक चप्पल चुन्याच्या रेघेवर राहिली. "र्‍हाऊ दे, पोलीस बघंल!" ती ओरडली. पोलीस खरंच चपलेजवळ जाऊन उभा राहिला, हसू दाबत.

साहेबांनी दार लावायच्या आधी रांग मैदानाच्या टोकापर्यंत पोचली. नियम नियम होता. वेळेत रांगेत आलेल्या प्रत्येकाला नंबराची चिठ्ठी मिळाली आणि मत देता आलं.

"काकी!" सरिता रूपालीपाशी धावली. "काकी, हे तू… तुम्ही… का?"

रूपाली धुळीने माखली होती, केस सुटले होते आणि चेहऱ्यावर असं काही होतं, की सरिताने ते लग्नानंतर तिच्यात कधी पाहिलं नव्हतं.

"नंतर बोलू," ती म्हणाली. "माझं मत राहिलंय." आणि तीही रांगेत जाऊन उभी राहिली, आपल्या आईच्या मागे.

*

दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या गावी, पेठला, मतमोजणी झाली. किटली आली, आणि चांगली भरभरून आली. कपबशीला पडलेली मतंही वाईट नव्हती. त्यातलं एक माझं, असं नवसाबाई येणाऱ्याजाणाऱ्याला अभिमानाने सांगत होती. चिमणाबाईने कोणाला दिलं ते तिने सांगितलं नाही. दोघी विहिणी गुलालाने एवढ्या माखल्या होत्या, की कोण कोणती ते आवाजावरूनच कळत होतं.

दिनेश घरात बसून होता. बाहेर पावरी वाजत होती, भोपळ्याच्या त्या वाद्याच्या लांब सुरावर अख्खा पाडा हातात हात गुंफून फिरत होता. दारात रूपाली आली. तिच्या अंगभर गुलाल होता.

"हरलीस," दिनेश म्हणाला.

"हो." ती हसली. हरलेलं माणूस इतकं हसताना त्याने पाहिलं नव्हतं.

"तू मत कोणाला दिलंस?"

"ते गुप्त असतं. सांगायचं नसतं."

"नवऱ्याला पन?"

"नवऱ्याला तर अजिबात नाही."

त्याला राग यायला हवा होता. तो शोधत होता, पण राग हाताला लागत नव्हता. काल घाटात सगळ्यांदेखत तिने 'तू' म्हटलं, त्या क्षणापासून त्याला कशाची तरी आठवण येत होती. थंडी, गोणपाट, बाजूला बसलेली एक आगाऊ पोरगी.

"उद्या सरिता पहिलं निवेदन घेऊन पेठला जाणार," रूपाली म्हणाली. "बंधाऱ्याचं काम मागायला. बाया म्हणतात, आम्हीपण येतो. टेम्पो मी त्यांना दिलाय."

"मला इचारलं नाय."

"नाही विचारलं," ती म्हणाली आणि परत नाचायला गेली.

दिनेश उठून दारात आला. चंदर नाचत होता. आपला भाऊ नाचू शकतो, हेच दिनेश विसरला होता. मध्यभागी सरिता, तिच्या एका हातात चिमणाबाईचा हात आणि दुसऱ्या हातात आता रूपालीचा.

खिशात फोन वाजला. रंगनाथ शेठ.

"काय मुकादम, झाली का निवडणूक? बरं, हे बघ, मणी फार दाटलेत. माणसं कधी पाठवतोस?"

पाठवतो शेठ, उद्या सकाळी, हे त्याच्या जिभेवर तयारच होतं. इतकी वर्षं तेच तर म्हणत आला होता.

"हॅलो? दिनेश? आवाज फार आहे तिकडे. कधी पाठवतोस?"

पावरी टिपेला पोचली होती. दिनेशने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"थांबा शेठ," तो मोठ्याने म्हणाला. "त्यांना इचारून सांगतो."